सभेची नोटीस गेली, पण कोणाच्या पत्त्यावरून?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सप्टेंबर जवळ आला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या पतसंस्था आणि सोसायट्यांत वार्षिक सभेची धांदल सुरू होते. सभासद पुणे, मुंबई, गोव्यात पांगलेले, म्हणून नोटीस आणि अहवाल ई-मेलने धाडण्याची पद्धत आता रुळली आहे. कार्यालयातल्या संगणक प्रणालीत बटण दाबले की पडद्यावर 'पाठवले' असे येते आणि सभासद मात्र सभेनंतर विचारतो, मला नोटीसच नाही! अशा वेळी नेटला दोष दिला जातो. पुष्कळदा खरे कारण वेगळेच असते: प्रणाली लिहिणाऱ्याने पाठवणाऱ्याचा पत्ता नीट बसवलेला नसतो.

ई-मेललाही पोस्टासारखा लिफाफा असतो आणि आत पत्र असते. दोन्हींवर पाठवणाऱ्याचा पत्ता वेगवेगळा लिहावा लागतो. आतला 'फ्रॉम' सभासदाला दिसतो. लिफाफ्यावरचा पत्ता सर्व्हर एकमेकांना सांगतात आणि मेल पोचला नाही तर तो त्याच पत्त्यावर परत येतो. पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत मेल पाठवणाऱ्या 'मेल' फंक्शनमध्ये बहुतेक जण कंसातल्या चौथ्या जागी 'फ्रॉम' लिहून थांबतात. पाचव्या जागी वजाचे चिन्ह, एफ आणि त्याला जोडून पत्ता दिला नाही, तर लिफाफ्यावर सहसा वेब सर्व्हर ज्या खात्याने चालतो त्याचेच नाव पडते. परत आलेल्या नोटिसा मग अशा पेटीत साचतात, जी कोणी कधी उघडतच नाही. पायथन भाषेत 'सेंडमेल' या आज्ञेला दिलेला पहिला पत्ता लिफाफ्याचा असतो, 'फ्रॉम' ओळ निराळी. जावा भाषेच्या जावामेल लायब्ररीत 'मेल डॉट एसएमटीपी डॉट फ्रॉम' ही सेटिंग त्यासाठीच आहे.

सर्वांत जास्त नुकसान करणारी सवय म्हणजे संस्थेच्या होस्टिंगवरून, म्हणजे संकेतस्थळाच्या सर्व्हरवरून, मेल पाठवायचा आणि 'फ्रॉम'मध्ये चेअरमन किंवा सेक्रेटरींचा जीमेल घालायचा. घेणारा सर्व्हर विचारतो, जीमेलच्या नावाने पत्र आणणारा हा सर्व्हर कोण? एसपीएफ म्हणजे एखाद्या डोमेनच्या (पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाच्या) वतीने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची डीएनएस या इंटरनेटच्या नाव-नोंदवहीतली यादी. डीकेआयएम ही मेलवरची डिजिटल सही. यांपैकी निदान एकाचे डोमेन 'फ्रॉम'च्या डोमेनशी जुळते का, हे डीमार्क हा नियम पाहतो आणि जुळले नाही तर काय करायचे तेही त्या डोमेनच्या मालकाने सांगून ठेवलेले असते. याहूने एप्रिल २०१४ पासून असे न जुळणारे मेल सरळ नाकारायला सांगितले आहे. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम लागते, आणि दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही. म्हणून 'फ्रॉम'मध्ये संस्थेच्या स्वतःच्या डोमेनचाच पत्ता हवा, तोही कार्यालयाचा, व्यक्तीचा नव्हे. संचालक मंडळ बदलते, कार्यालय तेच राहते. 'नो-रिप्लाय', म्हणजे उत्तर न घेणारा, पत्ता आम्हाला पसंत नाही. सभासद नोटिशीला उत्तर देतातच, ते 'रिप्लाय-टू' (उत्तर कुठे जावे तो पत्ता) लिहून कार्यालयाकडे वळवावे.

काही जण जीमेलच्याच सर्व्हरमधून, ५८७ पोर्टवरून पाठवतात. त्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून घेतलेला १६ अक्षरांचा अॅप पासवर्ड लागतो. पण तिथे 'फ्रॉम'मध्ये दुसरा पत्ता लिहिला आणि तो आधी त्या खात्यात पडताळून घेतलेला नसेल, तर जीमेल तो काढून लॉगिन केलेल्या खात्याचा पत्ता घालते. शिवाय मोफत खात्याला दिवसाची मर्यादा साधारण ५०० मेलची. दोन हजार सभासदांच्या संस्थेची नोटीस चौथ्या हिश्श्यावर अडकते आणि प्रणाली चूक टिपून ठेवत नसेल तर कोण राहिले तेही कळत नाही.

एसपीएफची नोंद डोमेनला एकच असावी. होस्टिंगवाल्याने एक आणि मेलवाल्याने दुसरी घातली की दोन्ही निकामी होतात. ती एकाच ओळीत जोडावी, आणि तिच्यातून होणाऱ्या डीएनएस चौकश्या १० च्या वर जाऊ देऊ नयेत.

आता नावाचा प्रश्न, जो आपल्या भागात जास्त छळतो. संस्थेचे नाव इंग्रजीत लिहून शेवटी 'लि., बेळगाव' जोडायची आपली रीत. तो स्वल्पविराम अवतरणचिन्हांत नसेल तर सर्व्हर तिथे एक पत्ता संपून दुसरा सुरू झाला असे समजतो. 'फ्रॉम'मध्ये एकाहून जास्त पत्ते दिसले की जीमेल मेल घेतच नाही. आणि नाव मराठीत आणि कन्नडमध्ये द्यायचे असेल, ते द्यावेच, तर ते सांकेतिक रूपात बदलावे लागते. अशा एका तुकड्याला ७५ अक्षरांची मर्यादा आहे. त्यात यूटीएफ-८ या लिपी-संकेताचे ४५ बाइट बसतात. देवनागरी असो वा कन्नड, प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे एका तुकड्यात १५ चिन्हे. 'श्री' दिसायला एक अक्षर, पण मोजणीत श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशी चार चिन्हे, १२ बाइट. हाताने तोडताना चिन्हाच्या मधोमध कापले की नावाच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हे येतात. ही तोडणी स्वतः न करता पीएचपीमेलर या तयार लायब्ररीवर किंवा पायथनच्या ई-मेल लायब्ररीवर सोपवावी.

संकेतस्थळावरच्या तक्रार अर्जातही हीच गफलत होते. अर्ज भरणाऱ्याचा पत्ता 'फ्रॉम'मध्ये घालतात. तो 'रिप्लाय-टू'मध्ये जायला हवा, आणि त्यात कोणी नवी ओळ घुसडली असेल तर अर्ज नाकारावा, नाहीतर त्या ओळीत आणखी पत्ते घालून त्याच अर्जातून परके लोक हजारो मेल सोडतात.

सगळे बसवल्यावर एक मेल आपल्याच जीमेलवर पाठवून त्या मेलच्या मेनूतले 'शो ओरिजिनल' उघडावे. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्हींपुढे 'पास' हवे आणि 'रिटर्न-पाथ'मध्ये, म्हणजे लिफाफ्यावरच्या पत्त्यात, संस्थेची परतीची पेटी दिसायला हवी. नोटिसा गेल्या की दुसऱ्या दिवशी लिपिकाने ती पेटी उघडावी, परत आलेले पत्ते सभासद यादीत खुणेने दाखवावेत आणि त्या सभासदांना त्याच आठवड्यात पोस्टाने नोटीस धाडावी.

आपले,
संगणक प्रणाली लिहिणारे काही वाचक,
शहापूर, बेळगाव