नर्सिंग करण्याची 'वेळ आली'?

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला इंग्लंडमधल्या पोस्ट-पंक या 1970 च्या दशकाअखेरीच्या रॉक संगीतप्रकारावरचा लेख वाचला. विषय घेतलात याबद्दल आभार, मराठीत यावर फारसं कोणी लिहीत नाही. पण जॉन मॅकगिओक यांच्यावरच्या परिच्छेदाचं शेवटचं वाक्य कालपासून डोक्यातून जात नाही. 'अखेर या गुणी गिटारवादकावर नर्सिंग करण्याची वेळ आली.' वेळ आली म्हणजे काय? मी 31 वर्षं नर्सिंग केलं. माझ्यावर काही वेळ आली नव्हती.

या संगीतातलं मला काही कळत नसे. मुलगा अकरावीत असताना 'सूझी अँड द बॅन्शीज' या बँडच्या 'स्पेलबाउंड' गाण्याची सुरुवात गिटारवर बसवत होता. मी नाइट करून घरी यायचे तेव्हा त्याचं चालू असायचं. गिटार म्हणजे नुसता ढणढणाट असं मला वाटे. इथे एकेक तार सुटी, भराभर, तरी मोजून छेडलेली. त्याच्या बोटांची सालं निघाली होती. मी पट्टी बांधून द्यायचे, तो ती सोडून पुन्हा बसायचा. एके सकाळी म्हणाला, "आई, हे 1981 सालचं आहे. आणि वाजवणारा पुढे तुझ्यासारखा नर्सिंग शिकला." तेव्हापासून हा माणूस मला आमच्यातला वाटतो.

लेखात त्यांच्या वाजवण्यावर दोन ओळी, दारूवर अर्धा रकाना. मँचेस्टरला चित्रकला शिकायला आलेला मुलगा 1977 मध्ये 'मॅगझिन' या बँडचा गिटारवादक होतो, तिथून 'सूझी अँड द बॅन्शीज'मध्ये जातो. 1982 मध्ये माद्रिदला कोलमडला म्हणून बॅन्शीजनी त्याला काढलं, तरी 1986 पासून सहा वर्षं तो 'पब्लिक इमेज लिमिटेड' या बँडमध्ये वाजवतो. व्हिएन्नात प्रेक्षकांतून आलेली बाटली तोंडावर बसली, तरी त्याने वाजवणं सोडलं नाही. 'द स्मिथ्स' बँडच्या जॉनी मार यांच्यासारखे गिटारवादक आजही त्याचं नाव घेतात. यातलं काहीच का नाही? फोटोसुद्धा बॅन्शीजच्या गायिकेचाच!

दारूने खचलेली माणसं मी मेल वॉर्डात खूप पाहिली आहेत. स्वतः इतकं सोसलेला माणूस दुसऱ्याच्या उशाशी उभं राहायला शिकतो, याची तुमच्या लेखकाला कीव का यावी? मॅकगिओक 2004 च्या मार्चमध्ये झोपेतच गेले, अवघे 48 वर्षांचे होते. आज ते उत्तर द्यायला नाहीत, म्हणून मी लिहिते आहे.

आणखी एक. दर 12 मे रोजी, परिचारिका दिनी, तुम्ही गुलाबाचं फूल दिलेल्या परिचारिकांचा फोटो छापता. त्याच वॉर्डात कंत्राटावर राबणाऱ्या मुलींना दोन-दोन महिने पगार मिळत नाही. त्यावर मी तुम्हाला दोन पत्रं पाठवली, एकही छापलं नाहीत. हे तरी छापा.

— एक निवृत्त परिचारिका, ठाणे