मेण लावायचं तर सांध्यांत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘नव्या गाडीला गंजरोधक मेण म्हणजे गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारलेला खर्च’ आणि ‘मेण नसेल तर पाच वर्षांत गंज पत्रा खाऊन जाईल’, ही दोन्ही मतं सारख्याच ठामपणे ऐकू येतात. दोघं बोलत असतात एकाच गाडीच्या वेगवेगळ्या भागांबद्दल.

बाहेरून दिसणाऱ्या रंगीत पत्र्यापुरतं पहिलं मत खरं आहे. आजच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर सात ते दहा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जस्त असतं, त्यावर फॉस्फेटचा थर, आणि मग अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या प्रवाहाने चढवलेला वीसेक मायक्रॉनचा प्रायमर. ओरखडा खोल गेला तरी आधी जस्त झिजतं, लोखंड मागे राहतं. ऑडी १०० ला १९८५ साली पूर्ण जस्तलेपित बॉडी मिळाली. पुढे हे सगळीकडे रुळलं. बॉनेट-छतावर गंजरोधक म्हणून काही फासून घेणं हे शुद्ध पैसे घालवणं.

गाडी लिफ्टवर चढवून खालून बघा, चित्र बदलतं. सबफ्रेम (इंजिन-सस्पेन्शन धरणारी खालची चौकट), सस्पेन्शनचे आर्म, मागचा अ‍ॅक्सल यांवर बऱ्याचदा नुसता काळा रंग असतो, खाली जस्त नसतं. खडी उडून टवका गेला की तिथूनच पापुद्रे सुटू लागतात. दुसरी कमजोर जागा म्हणजे सांधे. दरवाज्याच्या खालच्या कडेला बाहेरचा पत्रा आतल्यावर दुमडलेला असतो. त्या केसभर फटीत पाणी शिरतं आणि वाळत नाही. पत्रा जिथे कापला तिथे कडेला जस्त नसतं आणि दाराखालच्या लांब बंद पोकळीत, म्हणजे सिलमध्ये, बुडवलेला प्रायमरही आत खोलवर पातळच बसतो. पातळ, झिरपणारं मेण हवं ते इथे.

गाडी कुठे चालते यावर बाकीचं ठरतं. कोरड्या हवेत, मिठापासून लांब असलेल्या आणि पाच-सहा वर्षांत विकायच्या गाडीला हा खटाटोप करू नये. खारा वारा किंवा बर्फ वितळवायला मीठ टाकलेले रस्ते असतील तर जरूर करावा. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की पाणी धरतं. रस्त्यावर टाकतात ते मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्क्यांनाच. म्हणजे वरून कोरडी ठणठणीत दिसणारी गाडी खालून ओलीच असते, आणि उबदार गॅरेजमध्ये ती जास्त जोमाने गंजते. कंपनीच्या गंज-वॉरंटीचा इथे फारसा आधार नाही. ती सहसा पत्र्याला आतून आरपार भोक पडलं तरच लागू होते; सस्पेन्शन आणि वरवरचा गंज तिच्यात धरत नाहीत.

आता कामाबद्दल. सकाळी गाडी दिली, संध्याकाळी ‘कोटिंग’ होऊन मिळाली, असं असेल तर घेऊ नका. चाकांवरचे प्लॅस्टिकचे आतले पडदे आणि पोटाखालची झाकणं काढून दाबाच्या पाण्याने धुवायचं, मग निदान एक पूर्ण दिवस वाळवायचं. सुटा गंज तारेच्या ब्रशने खरवडायचा. चिखलावर, ओलाव्यावर किंवा पापुद्र्यांवर मारलेलं मेण गंजाला पांघरूण घालतं. ब्रेकच्या डिस्क व कॅलिपर, सायलेन्सर, हलत्या सांध्यांवरची रबरी आवरणं (बूट), सेन्सर आणि वायरींचे जोड झाकून घ्यायचे. विजेच्या गाडीत उच्च दाबाच्या नारिंगी केबलींच्या जवळपासही फवारा नको.

मध्यम गाडीला पोकळ्यांसाठी दोन-तीन लिटर पातळ मेण आणि खालून तीन ते पाच लिटर जाड मेण लागतं. पोकळीत चहूबाजूंनी फवारणारी लांब नळी पार टोकापर्यंत घालायची आणि फवारत सावकाश मागे ओढायची. तोंडाशीच पिचकारी मारली तर पुढचा हातभर पत्रा कोराच राहतो. कंपनीने ठेवलेल्या भोकांतून, रबरी बूच काढून हे जमतं. नवी भोकं पाडणाऱ्याला थांबवा, कारण त्याने वॉरंटी धोक्यात येते आणि गंजाला नवी कड मिळते. छत धरणाऱ्या खांबांत सीटबेल्टची यंत्रणा आणि पडदा-एअरबॅग असते, तिथे गाडीचा नकाशा बघितल्याशिवाय नळी घालू नये. काम नीट झालं असेल तर दुसऱ्या दिवशी सिलच्या निचऱ्याच्या भोकांखाली पिवळट थेंबांची रांग दिसते. ती भोकं मग तारेने मोकळी करून घ्या. बुजली तर पाणी आतच साचतं आणि केलेल्या कामाचं उलटंच होतं.

डांबरी लेप मात्र टाळा. तो पुढे कडक होतो, तडकतो, आणि तड्यातून शिरलेलं पाणी लेप व पत्रा यांच्यात अडकून राहतं; वरून सगळं काळंभोर, आत भुगा. मेण मऊ राहतं, सरकतं, पण धुऊनही जातं. म्हणून चाकांमागचे भाग दर वर्षी बघून जिथे उडालंय तिथे पुन्हा मारावे लागतात; बंद पोकळीतलं बरंच जास्त टिकतं. बॅटरीला जोडायची ती ‘इलेक्ट्रॉनिक गंजरोधक’ डबी विसरा. बारीक वीजप्रवाह सोडून गंज रोखायचं जहाजाचं तत्त्व गाडीला लावलंय खरं, पण जहाज अखंड पाण्यात असतं, म्हणून प्रवाहाला वाट मिळते. गाडीभोवती हवा असते.

आणि मेण केलेल्या गाडीला पुढे कधी वेल्डिंग करायची वेळ आली तर कारागिराला आधी सांगा. सिलमधलं मेण बाहेरून दिसत नाही, ठिणगीने पेटतं मात्र.

आपला,
बॉडी-दुरुस्तीच्या कामातला एक वाचक