परीच्या कादंबऱ्या बालविभागात नकोत

मा. संपादक,

दिवाळीच्या सुट्टीआधी ठाण्यातील ग्रंथालयांत आणि दुकानांत मुलांसाठी पुस्तके शोधणारे पालक दिसतात. मुखपृष्ठावर पंख, मुकुट, काटेरी वेली दिसल्या की इंग्रजी कादंबरी सरळ आठ-नऊ वर्षांच्या मुलीच्या हाती जाते. मुळात ती किशोरवयीनांसाठी लिहिलेली असते. तिच्यातल्या पऱ्या माणसे पळवतात, फसवे सौदे करतात आणि करमणूक म्हणून जीवही घेतात.

हे आजच्या लेखकांच्या डोक्यातून आलेले नाही. स्कॉटलंडमधील अ‍ॅबरफॉइलचे धर्मोपदेशक रॉबर्ट कर्क यांनी १६९१-९२च्या सुमारास या अदृश्य लोकांविषयी गंभीरपणे लिहून ठेवले. ते छापले गेले १८१५मध्ये. (कर्क वारलेच नाहीत, टेकडीखालच्या पऱ्यांनी त्यांना नेले, अशी तिथली समजूत!) ‘टॅम लिन’ या जुन्या स्कॉटिश कथागीतात पऱ्या दर सात वर्षांनी नरकाला खंडणी देतात. आपला नंबर लागेल या भीतीत असलेल्या टॅम लिनला नायिका मिठीत घट्ट धरून सोडवते. त्या वेळी तो साप होतो, हिंस्र पशू होतो, धगधगता निखारा होतो. आजच्या अनेक कादंबऱ्यांचा सांगाडा हाच आहे.

मराठी मुलांना हे जग समजायला जड जात नाही. पाणवठ्यावरच्या साती आसरा आणि रानात वाट चुकवणारा चकवा आजी-आजोबांकडून ऐकलेला असतो. बाळंतिणीच्या उशाशी विळा किंवा सुरी ठेवतात, तसा आयर्लंडमध्ये पाळण्यावर लोखंडी चिमटा आडवा ठेवत. पऱ्या बाळ पळवून बदली बाळ ठेवतात, अशी तिथे धास्ती होती आणि लोखंड त्यांना सोसत नाही, हा विश्वास.

अडते ते परीलोकाच्या नियमांपाशी. पऱ्यांचे अन्न खायचे नाही, खरे नाव सांगायचे नाही, भेट फुकट समजायची नाही. बहुतेक कादंबऱ्यांत त्यांना खोटे बोलता येत नाही, म्हणून त्या खऱ्या वाक्यातच पळवाट ठेवतात. ‘उद्या सकाळी तू घरी असशील’ असे वचन मिळाले, तर कोणाच्या घरी? जिवंत की मेलेली? आणि परीलोकातली एक रात्र इथे अनेक वर्षांची असेल, तर सकाळ कुठली? मुले वेगाने वाचतात, हे वाक्य ओलांडून जातात, आणि दोनशे पानांनंतर नायिका का अडकली ते कळत नाही. मग ‘पुस्तक बोअर आहे’.

म्हणून वहीचे एक पान नियमांसाठी राखावे. नियम दिसला की पृष्ठक्रमांकासह एका ओळीत टिपावा, मोडला की त्याच ओळीपुढे खूण करावी. सौद्याचे प्रकरण दोनदा वाचावे, दुसऱ्यांदा मोठ्याने. साडेतीनशे पानांच्या कादंबरीला गटवाचनात आठवड्याला चाळीस पाने पुरतात, म्हणजे सुमारे नऊ आठवडे. आठ-दहापेक्षा जास्त मुले घेतली तर दोघे-तिघेच बोलतात. आयरिश नावांनी दचकू नये. पहिल्या पन्नास पानांत पात्रांची यादी करून ठेवली की पुरे.

वयाचे म्हणाल तर तेराच्या आत नको. तेरा ते पंधरा या वयात घरच्या कोणी आधी वाचलेले असावे, आणि केवळ पहिला भाग वाचून परवानगी देऊ नये. मालिकांमध्ये पहिला भाग सौम्य आणि पुढच्या भागांत शरीरसंबंधांची उघड वर्णने, असे सर्रास आढळते. दुसरी खोच अधिक नाजूक आहे. देखणा, क्रूर राजपुत्र नायिकेचा अपमान करतो आणि पुढे तेच प्रेम ठरते. त्यावर बंदी घालून उपयोग नाही. तो कुठे माफी मागतो आणि कुठे केवळ सत्ता गाजवतो, हे मुलींना आणि मुलांनाही पानावर बोट ठेवून दाखवायला सांगावे.

अशा पुस्तकांनी अंधश्रद्धा वाढते, हा आक्षेप आम्हाला पटत नाही. १८९५मध्ये आयर्लंडच्या टिपरेरी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी या तरुणीला, ती खरी नसून पऱ्यांनी बदलून ठेवलेली आहे असे म्हणत नवऱ्याने जाळले. त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. कादंबरीसोबत ही घटना आणि आपला २०१३चा जादूटोणाविरोधी कायदाही मुलांसमोर ठेवावा.

ग्रंथालयांना विनंती इतकीच, की ही पुस्तके बालविभागातून काढून ‘१३ वर्षांवरील’ अशी चिठ्ठी लावलेल्या वेगळ्या कप्प्यात ठेवावीत, आणि मालिकेचे सर्व भाग एकत्र लावावेत. मधलाच भाग घरी नेणारे वाचक फार आहेत.

— किशोरांचे गटवाचन घेणारे दोन शिक्षक, नौपाडा, ठाणे