आंबोलीतील अनोळखी मदतनीसांचे आभार

यंदाच्या पावसाळ्यात आंबोलीच्या जंगलात आमच्या मुलीला ज्यांनी मन लावून ऐकायला शिकवले, त्यांची नावे विचारायची राहून गेली. म्हणून हे जाहीर आभार.

ओढ्याकाठी शीळकरी कस्तुर एखादे शाळकरी पोर शीळ घालत जावे तसा गात असताना, ‘पक्षी शोधू नकोस, आधी डोळे मीट आणि आवाज कुठून येतो ते बोटाने दाखव,’ असे सांगणारे वाटाडे काका आम्हाला भेटले, हे आमचे भाग्यच. रात्री त्यांच्याच सोबत्याने विजेरी विझवून तिला झुडपांतल्या बेडकांची टिकटिक ऐकवली. हे ओरडणारे सारे नर असून मादीला बोलावत असतात, चाहूल लागताच गप्प होतात आणि आपण निश्चल राहिलो की एकेक करून पुन्हा सुरू होतात, हे तिला तिथेच उमगले. (निश्चल राहणे आम्हा मोठ्यांनाच अधिक जड गेले.)

पावशाचे ‘पेर्ते व्हा’ हुबेहूब काढून दाखवणाऱ्या टपरीवरच्या आजींचेही ऋण आहेच. तांबट पक्षी मान वळवत ओरडतो, त्यामुळे त्याची टुकटुक जागा बदलत असल्यासारखी भासते, हे आता आमची लेक शेजाऱ्यांना समजावते. आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार.