इडलीपात्रातला शेवटचा खळगा

सर्जेकोट, मालवण
24 जुलै

प्रिय विन्या,

पाकीट जड लागलं असेल. आत कागदात गुंडाळलेलं एक पितळी बूच आहे. ते हरवू नकोस आणि चिंच लावून घासूही नकोस. त्याचं काय करायचं ते शेवटी सांगतो. आधी हकिकत ऐक. फोनवर सांगायला घेतली असती तर दुसऱ्याच वाक्याला तू खिदळून "मग, या वेळी काय उरलं?" म्हणाला असतास, म्हणून हा पत्राचा खटाटोप.

उरलं, हे खरं आहे. आजोबांचं गजराचं घड्याळ आपण आठवीत उघडलं होतं तेव्हा दातेरी चाक उरलं, तसंच. ते चाक उरूनही घड्याळ अकरा वर्षं चाललं, हे तू सोयीस्करपणे विसरतोस. गजर तेवढा कधी वाजला नाही. त्यानंतर मिक्सर, स्कूटर, विहिरीवरचा पंप, काहीही उघडलं की तुझा तोच प्रश्न. म्हणून या खेपेला मी अशी खबरदारी घेतली होती की सरकारी पंचनामासुद्धा फिका पडावा.

झालं असं की बाबीच्या होडीचं इंजिन मे महिन्यात तापायला लागलं. तीन सिलिंडरचं डिझेल, एरवी काटा ऐंशीच्या आसपास असायचा. अर्धा तास चाललं की पंच्याण्णव. पाण्याच्या पंपातला रबरी इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, बघितला तर त्याची दोन पाती गायब. नवीन घातला, फरक नाही. 1 जूनला मासेमारी बंद झाली, होडी वर ओढून माडाच्या झापांखाली शाकारली आणि बाबी म्हणाला, "दादा, आता बँकेतसून सुटलास, हात काळे कर."

या इंजिनात दोन पाणी फिरतात. इंजिनाच्या पोटात गोडं पाणी आणि कूलंट. ते थंड करायला बाजूला एक आडवा नळकांड्यासारखा कूलर, त्यात तांब्याच्या बारीक नळ्यांची मोळी. नळ्यांतून खारं पाणी जातं, बाहेरून गोडं. दोन्ही एकमेकांना शिवत नाहीत, फक्त उष्णता इकडून तिकडे जाते. खाऱ्या पाण्याची वाट तुंबली की इंजिन तापलंच. म्हणून कूलर उघडायचा ठरवला.

आणि इथे माझी युक्ती. बाबीच्या घरातलं चार मजल्यांचं इडलीपात्र मी मागून घेतलं. एका खळग्यात एकाच जागचे बोल्ट, वायसर, ओ-रिंग. प्रत्येक मजल्याचा फोटो मोबाइलवर, वर वहीत नोंद. बाबीच्या बायकोने ग्रीस बघितलं आणि म्हणाली, "इडल्यो आता इंजिनातच उकडा." नवीन पात्र मी घेऊन देणार आहे, तो हिशोब वेगळा.

कूलरचं टोपण काढलं तर आत नळ्यांच्या तोंडाशी चुन्यासारखा पांढरा थर, वाळू आणि इंपेलरची ती दोन पाती, व्यवस्थित अडकून बसलेली. टोपणातला सगळा चिखल बाबीने टबात ओतला, मी त्यातून जे जे कडक लागलं ते वेचून पात्रात टाकलं. नळ्या वेळूच्या काडीने साफ केल्या. लोखंडी सळई घातली तर मऊ तांबं ओरबाडलं जातं. दोन दिवस गेले यात. पाऊस असा की झापांखालीही छत्री.

मग उलट्या क्रमाने बसवत आलो. खळगे एकेक करून रिकामे झाले. शेवटच्या खळग्यात एक वस्तू राहिली.

करंगळीच्या दोन पेरांएवढा राखाडी तुकडा. अंगावर खड्डेच खड्डे, वाळवी लागलेल्या काठीसारखा. एक टोक निमुळतं होत गेलेलं, दुसरं वेडंवाकडं तुटलेलं. आटे नाहीत, भोक नाही, कुठलीही बाजू सरळ नाही. वहीत नोंद नाही आणि फोटोतही नाही, कारण तो खळगा फोटो काढताना रिकामा होता.

बाबीने हातात घेतला. "ह्या खयचा?" मग स्वतःच म्हणाला, "जाळ्याचा शिसा आसतला. टाक तिकडे." इंजिन सुरू केलं तर छान फुरफुरलं. "दादा, चलता मां? मगे कित्याक डोक्याक ताप?" पण माझ्या डोळ्यांसमोर तू आणि ते घड्याळ.

शिसं नव्हतं ते. शिशाने कागदावर रेघ उमटते, याने उमटली नाही. चुंबकाला चिकटेना. गावातला तरुण मेकॅनिक आला, त्याने मोबाइलवर इंजिनाचे सगळे सुटे भाग दाखवणारं चित्र काढलं, दोन बोटांनी मोठं करकरून बघितलं. असल्या आकाराचा भागच नाही त्यात. मग एक म्हातारे मिस्त्री आले, ज्यांचा शब्द बंदरावर कोणी खाली पडू देत नाही. त्यांनी तुकडा फिरवला आणि म्हणाले, बेरिंगच्या आतल्या अस्तराचा पांढरा धातू असेल तर इंजिन बसलं म्हणून समज.

विन्या, त्या वाक्यापायी आम्ही धडधाकट इंजिन दोनदा उघडलं. वरचं झाकण, खालचा ऑइलचा टब, सगळं. दोन प्याकिंग फाटली, नवीन ऑइल ओतलं. बेरिंगं आरशासारखी. बाबी माझ्याशी दीड दिवस बोलला नाही.

शेवटी मी तुकडा खिशात घालून मालवणच्या बाजारात सोनाराकडे गेलो. त्याच्या काट्यावर भरला 13.9 ग्रॅम. मेडिकलमधून दहा मिलीची सिरिंज घेतली, दट्ट्या काढला, टोक बोटाने दाबून पाणी भरलं आणि तुकडा आत सोडला. पाणी दोन मिली वर चढलं. म्हणजे घनता साधारण सात. शिसं अकराच्या वर, ॲल्युमिनियम पावणेतीनच्या आत, दोन्ही बाद. राहिली दोन: कथील 7.3 आणि जस्त 7.1. माझ्या सिरिंजला यातला फरक कळण्यासारखा नव्हता. आणि पांढऱ्या धातूत कथील असतं, म्हणजे मिस्त्रींची शंका जिवंतच.

संध्याकाळी मागच्या पायरीवर बशीत बाथरूम धुवायचं ॲसिड ओतलं आणि तुकड्याचा कोपरा चाकूने खरवडून त्यात धरला. फसफस! नुसते बुडबुडे नाहीत, उकळल्यासारखी फसफस. आणि मला एकदम आपली प्रयोगशाळा दिसली. परीक्षानळी, दाणेदार जस्त, वरून ॲसिड, तोंडाशी पेटती काडी, पॉप असा आवाज, आणि तू फार जवळ गेल्यामुळे तुझ्या डाव्या भुवईचा झालेला निकाल. कथील असं फसफसत नाही. मी पायरीवर एकटाच ओरडलो, "जस्त!"

जस्त म्हटल्यावर पुढचं बंदरावर कोणालाही सांगता आलं असतं. मोठ्या बोटींच्या सुकाणूजवळ, पंख्याजवळ जस्ताच्या वड्या बोल्टने ठोकलेल्या असतात. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना जोडलेले असले की एक झिजतो, दुसरा वाचतो. तांबं, पितळ, लोखंड यांच्यापुढे जस्त आधी झिजतं, म्हणून ते मुद्दाम लावायचं, झिजलं की बदलायचं. (शेजारच्या बोटीवर त्या वड्यांनाही निळा रंग फासलाय. रंगाखाली पाणी पोचतच नाही, मग ते जस्त नुसता दागिना.) 1824 साली हंफ्री डेव्हीने ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवर हेच केलं होतं. बुडाच्या तांब्याच्या पत्र्याला जस्ताचे, लोखंडाचे तुकडे जोडले. तांबं झिजायचं थांबलं, पण मग त्यातून विषारी क्षार सुटेनात, आणि बुडाला शेवाळ नि शिंपलं अशी माजली की जहाजं हळू झाली. आरमाराने ते तुकडे काढून टाकले. मला हा डेव्ही फार आवडला. प्रयोग यशस्वी होऊन तोंडघशी पडणारा माणूस आपल्यातलाच.

पण बाबीची होडी फायबरची, छोटी. तिच्यावर वड्या नाहीत. इंजिनाच्या आत जस्त आलं कुठून? रात्री बॅटरी घेऊन मी परत कूलरपाशी बसलो. टोपणाच्या कडेला एक षट्कोनी बूच होतं, इंजिनाच्याच हिरव्या रंगात रंगवलेलं. पाणी काढायचं असेल म्हणून आम्ही कोणीच त्याला हात लावला नव्हता. सतरा नंबरचा पाना लावला. सुटेना. डिझेल सोडून रात्रभर ठेवलं, सकाळी कुरकुरत आलं. आतून पितळी. आणि त्याच्या पोटात आट्यांत रुतलेलं जस्ताचं थोटूक, पांढऱ्या भुकटीने माखलेलं. मी शेवटच्या खळग्यातला तुकडा काढला आणि त्याचं तुटकं टोक थोटकाला टेकवलं. खाचेत खाच बसली. हातातून सोडला तरी क्षणभर तसाच राहिला, मग पडला.

म्हणजे ती सरळ, गोल कांडी होती, बुचाला आटे पाडून बसवलेली. चित्रात ती होतीच, आम्ही ओळखली नाही, कारण चित्रात ती नवी. ही खाऱ्या पाण्याने खाल्लेली, मानेशी बारीक होऊन तुटलेली आणि नळ्यांच्या तोंडाशी जाऊन पडलेली. तापण्यात तिचाही हात असणार. त्या इंजिनात परत बसवायची जागा शोधत आम्ही आठ दिवस घालवले, आणि ती वस्तू परत बसायचीच नव्हती. शिवाय ती मी उघडण्याआधीच सुटलेली होती, हे नीट लक्षात घे.

आम्ही बूच काढलं नसतं तर पुढे तांब्यापितळेवर पाळी होती. तू बुचाचं आतलं तोंड बघ, एका बाजूला पितळ गुलाबी पडलंय. त्या जागी पितळेतलं जस्त निघून गेलंय आणि तांबं तेवढं उरलंय. नखाने खरवडलं तर कळेल, भुसभुशीत आहे. नळ्यांची मोळी मी पाण्याच्या टबात बुडवून, एक तोंड बंद करून सायकलच्या पंपाने हवा भरली. एकही बुडबुडा नाही. थोडक्यात वाचली.

परवा खाडीतच भरतीला होडी उतरवून नांगरावर चाळीस मिनिटं इंजिन चालवलं. काटा ऐंशीला, हलला नाही. बुचाच्या जागी नळाचं साधं पितळी बूच लावलंय. चालेल, पण किती दिवस?

म्हणून आता तुझं काम. तिकडे मुंबईच्या दारुखाना भागात बोटीच्या सामानाची दुकानं आहेत. हे बूच दाखव आणि याला बसणाऱ्या जस्ताच्या कांड्या घे, बुचासकट चार. बाहेरचे आटे जुळले पाहिजेत, आतलेही. कांडीची लांबी पाच सेंटिमीटरच्या वर नको. मी काडी घालून मोजलंय, 58 मिलिमीटरवर नळ्यांना टेकते. "थोडी लांब आहे पण चालेल" असं दुकानदार म्हणाला तर ऐकू नकोस. ॲल्युमिनियमची दिली तर तीही नको.

31 जुलैपर्यंत बंदी आहे, त्याआधी कुरिअरने पाठवलंस तर बरं. नाहीतर नारळी पुनवेला स्वतःच घेऊन ये. बाबीची बायको म्हणते, विन्याभावजी येणार असतील तर घावणे करते, इडली विचारू नका.

पावती आठवणीने घे. बाबी प्याकिंगांचे पैसे अजून मोजतोय.

तुझा,
दिग्या