मंदे, तो साखरेचा डबा

नाशिक,
श्रावणातला बुधवार

प्रिय मंदे,

दिवाळीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही, रागावली असशीलच. फोन करता आला असता, पण हे फोनवर बोलवलं नसतं. तू मध्येच "जाऊ दे गं" म्हणाली असतीस आणि मीही जाऊ दिलं असतं. गुडघे आहेत तसेच, यांचं बीपी गोळीवर ठीक. तब्येतीचं एवढंच.

सोमवारी त्र्यंबकला जाऊन आले. तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीची गर्दी असते, ती आता झेपत नाही, म्हणून दुसराच सोमवार धरला. दर्शन छान झालं. परतीच्या बसमध्ये खिडकीही मिळाली. अंजनेरीचा डोंगर सगळा ढगात होता. फाट्यावर पन्नाशीचा एक माणूस चढला आणि माझ्या शेजारी बसला. बसला कसला, कोसळलाच. पांढरा शर्ट, बटणं एकाआड एक चुकलेली. सुटे पैसे खिशात ठेवायला गेला, तर हात खिशाच्या बाजूने घसरून खाली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दहाची नोट माझ्या मांडीवर पडली. कंडक्टरने काही विचारलं तर जिभेत जीभ अडकल्यासारखं बोलला आणि एकदम खेकसलाच त्याच्यावर.

मंदे, मी मोठ्याने म्हणाले, "देवाच्या दारातून येतानासुद्धा यांना प्यायला लागते." आणि कंडक्टरला म्हटलं, उतरवा याला पुढच्या थांब्यावर. मागच्या दोघातिघांनी लगेच माझी री ओढली. कंडक्टरने दोरीला हात घातला.

तेवढ्यात पुढच्या सीटवरची एक पोरगी उठली. नर्सिंगला आहे, नंतर कळलं. माझ्या रेवाएवढी असेल. त्याच्या मानेला हात लावून मला म्हणाली, "काकू, दारूचा वास येतोय का तुम्हाला?"

मी वास घेतलाच नव्हता गं. हातभर अंतरावर बसले होते. आणि मग दिसलं, पावसाचा गारठा, काचा बंद, सगळे शाली गुंडाळून बसलेले आणि त्या माणसाची कॉलर घामाने निथळतेय. पोरीने त्याला विचारलं, "काका, इन्शुलिन घेता का?" त्याने मान हलवली. श्रावणी सोमवार! सकाळी इन्शुलिन टोचून घेतलेलं आणि पोटात उपास. साखर 70 च्या खाली गेली की हात कापतात, घाम फुटतो, आणखी खाली गेली की बोलणं लडबडतं, माणूस चिडतो, बरळतो. बघणाऱ्याला वाटतं, टाकून आलाय.

पोरगी विचारत होती, कुणाकडे गोड आहे का. माझ्या पिशवीत प्रसाद. मी पेढ्यांचा पुडा काढला तर म्हणाली, "पेढा नको, खव्याने वेळ लागतो, खडीसाखर द्या." बाटलीच्या झाकणाने तिने ती तिथेच सीटच्या दांडीवर चुरली, पाण्यात ढवळली. तो गिळू शकतोय ना ते आधी बघितलं. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा, म्हणाली. तीन चमचे साखर आणि पंधरा मिनिटं थांबायचं. महिरावणी गेलं, सातपूरच्या कंपन्या दिसायला लागल्या. तोवर त्या माणसाने आपली बटणं नीट लावली. माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, तुम्हाला त्रास झाला, माफ करा."

त्याने माझी माफी मागितली.

आता तुला कळलं असेल मी कशावर येतेय. शालीचं लग्न. मांडवामागे तुझे अण्णा भिंतीला धरून उभे आणि माझे मामा "आवरा यांना" म्हणतायत. तू माझा दंड धरून म्हणत होतीस, "डबा कुठंय, साखरेचा डबा दे." आणि मी म्हणाले होते, "वरात दारात आलीय आणि तुला चहा सुचतोय?" मग अण्णांना मागच्या दाराने रिक्षात घालून पाठवलं, ते मीच. तू नंतर किती सांगितलंस, साखर होती, दारू नव्हती. मी म्हणाले, घरचे असंच म्हणणार. दोन वर्षं बोललो नाही आपण. नंतर बोलायला लागलो ते तुझ्या मोठेपणाने. मी तुझं म्हणणं खरं मानलं नव्हतं, मंदे, फक्त विषय सोडला होता. सोमवारपर्यंत मी अण्णांना त्याच रांगेत धरून होते.

रेवाला सगळं सांगितलं. ती मानसशास्त्र शिकते. तिने 1973 सालचा अमेरिकेतला एक प्रयोग सांगितला. प्रिन्स्टनला धर्मोपदेशक व्हायला शिकणारी मुलं, त्यांच्या वाटेत एक माणूस कण्हत बसवलेला. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातले शंभरातले 63 मदतीला थांबले. उशीर झालाय असं सांगून पिटाळलेल्यांतले फक्त 10. आणि त्यातली काही जणं तर रस्त्यात पडलेल्याला मदत करणाऱ्याच्याच गोष्टीवर बोलायला निघाली होती! रेवाला मला धीर द्यायचा होता, की मावशी, माणूस वाईट नसतो, प्रसंग तसा असतो. पण मला घाई कुठे होती? खिडकीत निवांत बसले होते. तिचं दुसरं बोलणं मात्र लागलं. माझी चप्पल घसरली तर फरशी ओली, दुसऱ्याची घसरली तर तो धांदरट, असा हिशेब आपण दिवसभर मांडत असतो.

काल रात्री अडीचला वरच्या मजल्यावर पुन्हा खुर्ची ओढली. तुला माहितीये, अशा वेळी मी काठीने छत ठोकते. काठी घेतली आणि तशीच पलंगावर बसून राहिले. का ओढतात अजून कळलेलं नाही. रागही गेलेला नाही. पण ठोकलं नाही.

सुनेला कितवा लागला? डिंक पाठवू का? आणि कोल्हापूरच्या पावसाने घराची पश्चिमेची भिंत यंदा तरी सोडली का? गच्चीवर पत्रे घाल म्हणून दहा वर्षं सांगतेय, तू ऐकशील तर शपथ!

आता खरं काम. अण्णांना तर सांगता येत नाही. वहिनींना सांगायचंय. पण लग्नात मी काय काय बोलले होते ते तू त्यांना कधी सांगितलंयस का, की तुझ्यापाशीच ठेवलंस? त्यांना ठाऊक नसेल तर उगाच आता खपली काढायची का, हे मला ठरवता येत नाही. तू सांग. तू म्हणशील तशी मी येईन, गौरी झाल्या की लगेच.

पर्समध्ये खडीसाखरेची पुडी ठेवलीय.

तुझीच,
कुमुद