मिठाला पाणी का सुटतं, हे सांगणाऱ्या ताईंना

ताई,

आमच्या मुलीला तुम्ही अकरावीची केमिस्ट्री शिकवलीत, त्याबद्दल तिने तुमचे आभार मानलेच असतील. हे पत्र माझं आहे. शिकवणी तिची होती खरी, पण ती चालायची आमच्या दुकानात, गल्ल्याशेजारच्या बाकावर. तांदूळ मोजता मोजता माझ्याही कानावर बरंच पडत गेलं. दहावीनंतर ज्याचा पुस्तकांशी संबंध सुटला, अशा माणसाला अणू कळू लागला तो तुमच्यामुळे, आणि हे चार लोकांसमोर सांगावंसं वाटलं.

मुलगी एकदा घडाघडा म्हणत होती. सोडियमचे इलेक्ट्रॉन 11, केंद्रकाभोवतीच्या कक्षांत त्यांची मांडणी 2, 8, 1. क्लोरीनचे 17, मांडणी 2, 8, 7. सोडियमला एक द्यायचा असतो, क्लोरीनला एक हवा असतो, झालं मीठ तयार. तुम्ही तिला तिथेच अडवलंत. "द्यायचा असतो? सोडियमला विचारलंस?"

मग तुम्ही वहीत जमाखर्च मांडलात. सोडियमचा तो एकुलता बाहेरचा इलेक्ट्रॉन ओढून काढायला एका मोलामागे, म्हणजे अणूंच्या एका ठरलेल्या मापामागे, 496 किलोजूल ऊर्जा खर्च. तो क्लोरीनकडे गेला की 349 जमा. 147 ची खोट! माझा हात तराजूवरच थांबला. खोटीत कोण धंदा करतो? गिऱ्हाईक ताटकळलं होतं, पण मला पुढचा आकडा ऐकायचा होता. धनभाराचा सोडियम आणि ऋणभाराचा क्लोराइड नुसते शेजारी येऊन थांबत नाहीत, असं तुम्ही सांगितलंत. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम, अशी ती रास सगळ्या दिशांनी रचली जाते आणि रचली जाताना सुमारे 787 किलोजूल बाहेर पडतात. खोट भरून निघते, वर 640 शिल्लक. बंध जुळताना ऊर्जा सुटते आणि तोडताना ती मोजावीच लागते, हे मला त्या दिवशी पटलं. मीठ वितळवायला 801 अंश सेल्सिअस का लागतात, तेही. त्या राशीत हा सोडियम या क्लोराइडचा अशी जोडी दाखवताच येत नाही, त्यामुळे मिठाचा सुटा रेणू शोधू नका, असंही तुम्ही बजावलंत. मुलीने ते लाल पेनाने लिहून घेतलं.

साखरेचं प्रकरण त्या मानाने लवकर आटपलं. साखरेच्या एका रेणूत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे मिळून 45 अणू. ते इलेक्ट्रॉन कायमचे देऊन टाकत नाहीत, जोडीजोडीने वाटून घेतात. सामाईक जोडीची ही कल्पना गिल्बर्ट लुईस यांनी 1916 साली मांडली आणि त्याच वर्षी जर्मनीत वाल्टर कोसेल यांनी देवघेवीच्या बंधाचा विचार मांडला. पहिलं महायुद्ध पेटलेलं असताना दोन देशांतले दोघे एकाच कोड्याच्या दोन बाजू सोडवत होते, याचं मला अजून नवल वाटतं. नऊ व्होल्टची बॅटरी आणि छोटा एलईडी दिवा जोडून तुम्ही दोन पेले मांडलेत. मिठाच्या पाण्यात दिवा लागला, साखरेच्या पाण्यात नाही. मिठाचे आयन, म्हणजे ते भार असलेले सोडियम आणि क्लोराइड, पाण्यात सुटे होऊन वीज वाहून नेतात, साखरेचे रेणू विरघळले तरी भाररहितच राहतात. त्या दिवशी दुकानात आलेल्या प्रत्येकाला मी ते दाखवलं. मी उधारी मागायला बोलावतोय असं वाटून एकदोघे मागच्या मागे सटकले, तो भाग वेगळा.

पण खरे आभार मानायचे आहेत ते मी विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तराबद्दल. मे महिन्यात लोक पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायला येतात तेव्हा आमच्याकडे आगरवाड्याच्या मिठागरांतलं खडेमीठ पोत्यांनी जातं. आणि मृग लागला की तेच लोक तक्रार घेऊन येतात, "मिठाला पाणी सुटलं." पाकिटातलं मीठ कोरडं राहतं, मग आमच्या गावठी मिठानेच काय पाप केलंय?

तुम्ही पहिल्यांदा सांगितलंत की मिठागरात सोडियम कोणाला काही देतच नाही. ती देवघेव केव्हाच होऊन गेलेली असते. खाडीच्या पाण्यात आयन सुटेसुटेच असतात, ऊन फक्त पाणी काढून घेतं. आधी खडे धरतात ते सोडियम क्लोराइडचे. खाडीच्या पाण्यातलं मॅग्नेशियम मागे उरलेल्या कडवट पाण्यात राहतं, आणि त्या पाण्याचा थोडा अंश खड्यांना चिकटून येतो. ढीग करून कितीही निथळत ठेवला तरी थोडा राहतोच.

आता तुमचं ते वाक्य. "दोघांकडे इलेक्ट्रॉन दहाच, पण ओढणारे वेगळे." सोडियमने एक गमावला, मॅग्नेशियमने दोन, आणि दोघांची मांडणी 2, 8 झाली. मात्र सोडियमच्या केंद्रकात प्रोटॉन 11 आणि मॅग्नेशियमच्या 12. म्हणून मॅग्नेशियमचा आयन जास्त आवळलेला, त्रिज्या 72 पिकोमीटर, सोडियमची 102. आकार लहान आणि भार दुप्पट, त्यामुळे पाण्याच्या रेणूची ऑक्सिजनकडची ऋण बाजू तो जोरात खेचतो. शुद्ध मिठाला हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय पाणी सुटत नाही. मॅग्नेशियम क्लोराइडला 33 टक्केच पुरतात. गोव्यातल्या आमच्या पेडण्यातला जुलै तुम्हाला ठाऊकच आहे, तिथे शुद्ध मिठाचाही निभाव लागत नाही, मग याचं काय होणार? पाकिटातल्या मिठातलं मॅग्नेशियम बहुतेक काढून टाकलेलं असतं आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून वर आणखी काही मिसळतात.

एवढी वर्षं मी गिऱ्हाइकांना "हवाच तशी आहे हो" म्हणून वाटेला लावत होतो. आता बारा प्रोटॉनांची गोष्ट सांगतो. सगळेच ऐकून घेत नाहीत, पण बरणीचं झाकण मात्र घट्ट लावू लागलेत.

फीचं नाव काढलं की तुम्ही विषय बदलत होतात, म्हणून तो पुन्हा काढत नाही. चवथीला मात्र घरी यायचंच. पाण्याच्या रेणूतला कोन 104.5 अंशांचाच का, याचं उत्तर मुलीने स्वतः तयार केलंय. ऑक्सिजनवरच्या बंधाबाहेरच्या दोन इलेक्ट्रॉन-जोड्या हायड्रोजनांना दाबून जवळ आणतात, असं ती म्हणते, आणि ते तपासायला तिला तुम्हीच हव्या आहात. नेवऱ्या खाता खाता तपासा.

तुमचा,
पेडण्यातला दुकानदार